पाण्याचा हिशेब नळापाशी मागा

आपल्या शाखांच्या सभांत महागाई भत्ता, बढती, बदली, रिक्त जागा यांवर तासन् तास चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पिण्याच्या पाण्याचा विषय मात्र शेवटच्या पाच मिनिटांत, 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली उरकला जातो. पाणी कमी येते अशी तक्रार निघते, अर्ज लिहिला जातो, सभा संपते. पाणी किती येते यावर आपण भांडतो. ते कसे आहे, कोणी तपासले, कधी तपासले आणि तपासणीचा निकाल काय आला, हे कोणी विचारत नाही. हा लेख या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

एक नदी, दोन शहरे

रायपूर आपल्याला परके नाही. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासून नागपूर, भंडारा, गोंदियाची मराठी माणसे या मार्गावर नोकरीला आली. रेल्वेत, आर.एम.एस.मध्ये, टपाल खात्यात राबली आणि कित्येक कुटुंबे इथलीच झाली. आज रायपूर हा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा विभाग आहे आणि आपला नागपूर विभागही त्याच रेल्वेत आहे. शेजारी नवा रायपूर हे नियोजित शहर उभे राहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये मंत्रालय तिकडे गेले. मार्च २०२५ पासून अभनपूरची मेमू नवा रायपूरमार्गे धावू लागली.

नव्या शहराला महानदीचे पाणी नव्या नळयोजनेतून मिळते. जुने रायपूर खारून नदीवर अवलंबून आहे. उन्हाळ्यात खारून आटली की गंगरेल धरणातून कालव्याने पाणी सोडून तिला भर घालावी लागते. गंगरेल धरण महानदीवरच आहे. म्हणजे उन्हाळ्यात दोन्ही शहरांच्या नळांना बव्हंशी एकाच नदीचे पाणी असते. फरक पडतो तो वाटेत. कचेरीत काम करणारा शिपाई किंवा सफाई कामगार दिवसा नव्या शहरातले पाणी पितो आणि रात्री जुन्या रायपूरच्या गल्लीत, गटारातून गेलेल्या पाइपचे पाणी पितो. त्याच्या मुलाबाळांना तर हे दुसरेच पाणी मिळते.

शुद्धीकरण केंद्रातून पाणी बाहेर पडते तेव्हा ते बहुधा चांगलेच असते. ते बिघडते पुढच्या काही किलोमीटरमध्ये. पाणी चोवीस तास नसते, तास-दोन तास येते. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि त्यातला दाब जातो. फुटक्या सांध्यातून आजूबाजूचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. त्यात कोणी टुल्लू पंप लावला की ओढ आणखी वाढते. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ सुटतो तेव्हा पहिली बादली या घाणीची असते. म्हणून केंद्रावरची तपासणी कितीही चोख असली तरी तिच्यावरून तुमच्या तोटीबद्दल काहीच सांगता येत नाही.

कावीळ उशिरा बोलते

रायपूरने २०१४, २०१८ आणि २०२० या वर्षी काविळीच्या साथी पाहिल्या. २०१८ मध्ये मोवा-नहरपारा भागात माणसे दगावली. २०२० ची साथ ऐन टाळेबंदीत आली. गटारातून जाणाऱ्या पाइपांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. हे रायपूरचेच दुखणे आहे असे मात्र कोणी समजू नये. इचलकरंजीने २०१२ मध्ये हेच भोगले. स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिला क्रमांक मिळवणाऱ्या इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत डिसेंबर २०२५ मध्ये सांडपाणी नळाच्या पाण्यात मिसळले आणि माणसांचे बळी गेले.

पाण्यातून पसरणारी ही कावीळ बहुतेक वेळा 'हिपॅटायटिस ई' या विषाणूची असते. गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती प्राणघातक ठरू शकते. या रोगाची एक गोष्ट प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवावी. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे, सरासरी पाच-सहा आठवडे लागतात. म्हणजे आज वस्तीत कावीळ दिसली तर दोषी पाणी सव्वा महिन्यापूर्वीच पिऊन झालेले असते. साथ आल्यावर पथक येते, बाटल्या भरून नेते आणि कित्येकदा 'पाणी पिण्यास योग्य' असा अहवाल येतो. अहवाल खोटा असतोच असे नाही. तो आजच्या पाण्याचा असतो, एवढेच. त्या दिवशीच्या पाण्याबद्दल साक्ष देऊ शकेल अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्या दिवशीची नोंदवही.

दुसरी गोष्ट दिल्लीने शिकवली. १९५५ च्या अखेरीस यमुनेत नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे वर सरकून वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोचले. जलकेंद्राने क्लोरीन वाढवले. जंतू मेले, विषमज्वराची साथ आली नाही. पण थोड्याच आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने, तसेच अहमदाबाद आणि पुणे येथील नंतरच्या साथींचे नमुने, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर तपासले. ही कावीळ आधी माहीत असलेल्या प्रकारांची नाही, हे १९८० मध्ये सिद्ध झाले. जंतूंची तपासणी उत्तीर्ण झाली म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही, हा त्यातला धडा.

मानक आहे, बंधन नाही

भारतीय मानक ब्यूरोचे पिण्याच्या पाण्याचे मानक आय.एस. १०५०० हे आहे. त्याप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू एकही सापडता कामा नये. शिल्लक क्लोरीन दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे किमान ०.५. आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमच्या आत, नायट्रेट ४५ च्या आत, फ्लोराइड शक्यतो १ च्या आत, दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५.

आकडे चांगले आहेत. पण नळाने पाणी देणाऱ्या संस्थेवर हे मानक कायद्याने बंधनकारक नाही. बाटलीतल्या पाण्याला अन्नसुरक्षा कायदा लागू आहे. ती बाटली निकृष्ट निघाली तर खटला होऊ शकतो. प्लॅटफॉर्मवर रेल नीर विकत घेणाऱ्या प्रवाशामागे कायदा उभा आहे. त्याच प्लॅटफॉर्मच्या टोकाला तोटीखाली ओंजळ धरणारा ट्रॅकमन, हमाल आणि सफाई कामगार यांच्यामागे फक्त एक परिपत्रक उभे आहे. नळाचे पाणी दुरुस्त करण्याऐवजी ज्याला परवडेल त्याने बाटली घ्यावी, घरात यंत्र बसवावे, हा मार्ग गेल्या तीस वर्षांत आपल्या नकळत धोरण होऊन बसला आहे.

नोंदवहीतले ०.५

काही वर्षांपूर्वी एका वसाहतीत मी पाण्याची नोंदवही पाहायला मागितली. वही व्यवस्थित होती. महिनाभर रोज क्लोरीन ०.५. रविवारीही ०.५, वीज गेली त्या दिवशीही ०.५, टाकी धुण्यासाठी पुरवठा बंद होता त्या दिवशीही ०.५. एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले. लिहिणारा मुलगा कंत्राटदाराचा होता. मी विचारले तेव्हा तो संकोचून म्हणाला, "काका, तपासायची औषधी दोन महिन्यांपासून संपली आहे. शून्य लिहिले तर साहेब मलाच विचारतील. मग उद्यापासून येऊ नको म्हणतील."

त्याला दोष देऊन मी मोकळा झालो असतो. पण कॅनडातल्या वॉकर्टन गावाची हकिगत आठवली. मे २००० मध्ये जोराच्या पावसाने शेणखत गावाच्या विहिरीत उतरले. सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात ७ जण मेले आणि २,३०० च्या आसपास आजारी पडले. न्यायालयीन चौकशीत दिसले की पाणी खात्याचे कर्मचारी वर्षानुवर्षे न मोजताच वहीत ०.५ किंवा ०.७५ लिहीत होते. प्रांतिक सरकारने १९९६ मध्ये नगरपालिकांचे पाणी तपासणाऱ्या आपल्या प्रयोगशाळा बंद करून हे काम खाजगी प्रयोगशाळांवर सोडले होते. खराब निकाल आरोग्य अधिकाऱ्याला कळवण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. प्रयोगशाळेने निकाल फक्त पाणी खात्याला कळवला आणि तिथल्या व्यवस्थापकाने तो दडवला.

यात आपल्यासाठी दोन कडू गोष्टी आहेत. पहिली, खाजगीकरणाने तपासणीची साखळी तोडली. हे म्हणायला आपल्याला आवडते आणि ते खरेही आहे. दुसरी म्हणायला आवडत नाही. खोटा आकडा लिहिणारे हात कायम नोकरीतल्या कर्मचाऱ्यांचे होते. त्यामुळे 'नोकरी कायम करा, सगळे ठीक होईल' एवढे म्हणून आपली सुटका नाही. खरा आकडा लिहिला जाण्यासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात. लिहिणाऱ्याच्या नोकरीला धक्का लागता कामा नये आणि लिहिलेला आकडा पाणी पिणाऱ्याला दिसला पाहिजे. पहिलीशिवाय भीती खोटे लिहून घेते. दुसरीशिवाय आळस खोटे लिहितो.

कामगार संघटनेचे काम इथे सुरू होते. वहीत 'शून्य' लिहिणाऱ्या कामगाराच्या पाठीशी, तो कंत्राटी असला आणि आपला सभासद नसला तरी, शाखेने उभे राहिले पाहिजे. शून्य लिहिणे हा गुन्हा नाही. ते पाहून काही न करणे हा गुन्हा आहे.

शाखांनी काय करावे

१. प्रत्येक वसाहत, स्थानक, रनिंग रूम, टपाल कार्यालय आणि आर.एम.एस. कार्यालय येथे शेवटच्या टोकाच्या तोटीवर रोज क्लोरीन मोजले जावे. टाकीपाशी मोजलेले धरू नये. क्लोरोस्कोपने हे काम पाच मिनिटांत होते.

२. आकडा, वेळ आणि मोजणाऱ्याची सही तोटीजवळच्या फळ्यावर लिहावी. टाकी धुतल्याची तारीखही तिथेच असावी. वही कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे, ही पद्धत बंद व्हावी.

३. महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला जंतूंची तपासणी व्हावी. हायड्रोजन सल्फाइडची साधी बाटली मिळते. तीत पाणी भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर मैलपाणी मिसळल्याचा संशय घ्यावा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या पाच-पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. खेड्यातल्या भगिनींना जे जमते ते आपल्या शाखेला न जमण्याचे कारण नाही.

४. जिथे बोअरचे पाणी आहे तिथे वर्षातून एकदा आर्सेनिक, फ्लोराइड आणि नायट्रेट तपासावे. राजनांदगावकडच्या कौडीकसा भागात भूजलात आर्सेनिक सापडून पाव शतक होऊन गेले. हे विष क्लोरीनने जात नाही, उकळूनही जात नाही. त्याला रंग नाही, वास नाही.

५. पाणी देणारा विभाग आणि ते तपासणारा विभाग वेगळे असावेत. रेल्वेत पुरवठा इंजिनीअरिंगकडे आणि तपासणी वैद्यकीय विभागाच्या आरोग्य निरीक्षकाकडे, ही जुनी व्यवस्था योग्य आहे. ती टिकवावी आणि निरीक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात. खराब निकाल त्याच दिवशी शाखेला लेखी कळवावा.

६. पी.एन.एम. बैठकीच्या विषयपत्रिकेत पाणी हा कायमचा विषय असावा आणि मागील महिन्याचे सर्व आकडे बैठकीत मागावेत.

पोस्टमन बांधवांना एक वेगळी विनंती. शहराची प्रत्येक गल्ली रोज पायाखाली घालणारे तुमच्याइतके दुसरे कोणी नाही. पाइप कुठे गटारातून गेला आहे, कुठे तोटीपाशी डबके साचले आहे, कोणत्या चाळीत एकाच आठवड्यात तीन घरी कावीळ आहे, हे महापालिकेच्या आधी तुम्हाला कळते. ते शाखेच्या वहीत लिहून ठेवा. साथ कुठून सुरू झाली हे शोधायला पुढे त्या चार ओळींचाच उपयोग होईल.

काही साथी म्हणतील, एवढ्या मोठ्या प्रश्नांपुढे हा लहान विषय. आठ तासांच्या दिवसासाठी लढलेल्या चळवळीने कारखान्यात पिण्याचे पाणी आणि संडास यांसाठीही लढा दिला आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पिण्याच्या पाण्याचे कलम उगाच आलेले नाही. पगारवाढ मिळाली आणि ती दवाखान्यात गेली तर काय मिळवले?

म्हणून पुढच्या सभेला जाण्यापूर्वी एवढेच करा. आपल्या वसाहतीतल्या शेवटच्या तोटीपाशी जा आणि विचारा, आजचा आकडा किती? उत्तर 'माहीत नाही' असे आले, तर सभेचा पहिला विषय ठरला म्हणून समजा.