पाण्याची परीक्षा शेवटच्या नळावर हवी

वैशाखात अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन पट्ट्यातल्या काही विहिरींचे पाणी मचूळ लागू लागले की लगेच तक्रार होते. क्षार जिभेला कळतात, जंतू मात्र कळत नाहीत. म्हणून पहिल्या पावसानंतर गोडे लागणारे पाणी सुरक्षितच असेल, असे समजणे धोक्याचे आहे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलीलीटर पाण्यात ई. कोलाय जंतू अजिबात आढळता कामा नयेत. त्यासाठी निर्जंतुक बाटलीत घेतलेला नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. अहवाल येईपर्यंत ते पाणी घरोघरी पिऊनही झालेले असते. म्हणूनच रोजची खरी राखण जलसुरक्षकाच्या साध्या ओटी चाचणीवर असते. नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. ग्राहकाच्या नळाशी तो लीटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम हवा.

ही चाचणी टाकीजवळ करून भागत नाही. पाणीपुरवठा थांबला की नळातला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. टाकीत शुद्ध असलेले पाणी शेवटच्या घरी दूषित होऊन पोहोचू शकते. शिवाय ताज्या टीसीएल पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पण किनाऱ्याच्या दमट हवेत पिशवी उघडी राहिली तर तो झपाट्याने उडून जातो. मग पावडर टाकल्याची नोंद होते, जंतू मात्र मरत नाहीत.

पावसाळ्यापूर्वी आणि नंतर होणाऱ्या सर्वेक्षणातून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. ही पद्धत चांगली आहे, पण वर्षातून दोनदा मिळणारे कार्ड आजच्या हंड्याची हमी देत नाही. पावडर हवाबंद ठेवावी, ओटी चाचणी रोज शेवटच्या नळावर करावी आणि तिचा निकाल, प्रयोगशाळेच्या अहवालासह, पंचायतीच्या फळ्यावर लिहावा. याला फार पैसा लागत नाही, शिस्त लागते.

नागरिकांनीही पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून कुरकुर करण्याआधी थोडा विचार करावा. नळाला एरवी येणारा तो हलका वास अचानक नाहीसा झाला, तर पंचायतीत जाऊन विचारायला हवे. तपासणी कागदावर राहिली, तर तिचा उपयोग फक्त साथ आल्यानंतरच्या चौकशीपुरता उरतो.