रेडिऑनिक्सचा ‘रेट’ : आकड्याचा वेष आणि मोजमापाचा अभाव

१/ ‘रेडिऑनिक्स हे दडपून टाकलेले विज्ञान आहे’ हे वाक्य अलीकडे इतिहासाच्या वेषात फिरू लागले आहे. एका प्रतिभावंत डॉक्टराने प्रत्येक रोगाच्या कंपनाचा आकडा शोधला आणि वैद्यकीय संघटनांनी संगनमताने त्याचा आवाज बंद केला, अशी ही कथा. प्रस्तुत धागा त्या कथेच्या विरोधात आहे. माझा पहिला आक्षेप वैद्यकाचा नसून इतिहासाचा आहे. ही विद्या कोणी दडपली नाही. तिची वारंवार, अनेकदा तिच्याच अटींवर परीक्षा झाली, आणि त्या परीक्षांचे वृत्तान्त छापलेले आहेत.

२/ प्रथम संज्ञा स्पष्ट करू. रेडिऑनिक्समध्ये रोग्याच्या रक्ताचा थेंब, केस किंवा छायाचित्र घेतात. त्याला ‘साक्षी’ म्हणतात. हा साक्षी एका पेटीत ठेवायचा, पेटीवरच्या तबकड्या फिरवायच्या आणि यकृत, क्षय, कर्करोग अशा प्रत्येक गोष्टीसाठी ठरलेला अंक जुळवायचा. तो अंक म्हणजे ‘रेट’. पुढे उपचाराचा अंक लावला की रोगी शेकडो मैलांवर असला तरी त्याला गुण येतो, असा दावा असतो.

३/ या परंपरेचे मूळपुरुष अल्बर्ट एब्रम्स हे सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर. ते भोंदू वैदू नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाची त्यांच्याकडे पदवी होती आणि कूपर मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले होते. त्यांच्या नव्या पद्धतीचे पुस्तक १९१६ साली आले. पदवी खरी होती, म्हणूनच लोकांनी विश्वास टाकला. पण पदवी माणसाची असते. त्याच्या प्रत्येक दाव्याला ती आपोआप लागू होत नाही.

४/ त्यांची निदानपद्धती अशी. रक्ताचा वाळलेला थेंब ‘डायनामायझर’ नावाच्या पेटीत ठेवायचा. तिथून तार एका बदलत्या रोधाच्या उपकरणात आणि पुढे एका निरोगी माणसाच्या कपाळाशी न्यायची. हा तिसराच माणूस मंद उजेडात, उघड्या अंगाने, पश्चिमेकडे तोंड करून उभा राही. एब्रम्स त्याच्या पोटावर बोटांनी ठोके देत आणि आवाज कुठे मंद होतो यावरून दूरच्या रोग्याचा आजार सांगत.

५/ आता आकड्याकडे येऊ. एब्रम्स रोगाचे ‘कंपन’ ओहममध्ये सांगत. ओहम हे विद्युतरोधाचे एकक आहे. कंपन मोजायचे तर एका सेकंदात किती आवर्तने, असे मोजावे लागते. कंपनाचा वेग ओहममध्ये सांगणे म्हणजे पुणे-सातारा अंतर लिटरमध्ये सांगणे. विद्येच्या पहिल्याच पानावर एकक चुकले आहे. पुढच्या शंभर वर्षांत ते कोणी दुरुस्त केले नाही. ओहम हा शब्द तेवढा गळाला आणि एककाविना नुसता अंक उरला.

६/ इतिहासप्रेमींसाठी विशेष भाग. रक्त नसेल तर हस्ताक्षरही चालते, असे एब्रम्स म्हणू लागले. सॅम्युअल पेपिस, सॅम्युअल जॉन्सन, एडगर ॲलन पो या दिवंगत लेखकांच्या सह्या तपासून त्यांना उपदंश झाल्याचे त्यांनी जाहीर केले. थेंबावरून माणसाचा धर्मपंथ ओळखता येतो, असाही त्यांचा दावा होता. ज्या साधनाला ‘आढळले नाही’ असे म्हणता येत नाही, त्याचे ‘आढळले’ कोणत्या किमतीचे?

७/ परीक्षा होत गेल्या. अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडून एका निरोगी नर गिनिपिगचे रक्त स्त्रीचे नाव लावून एब्रम्स-पद्धतीच्या एका व्यावसायिकाकडे गेले. उत्तर आले : कर्करोग, कपाळाजवळील पोकळीत संसर्ग आणि डाव्या बीजवाहिनीत संसर्ग. नर प्राण्याला बीजवाहिनी नसते, एवढे सांगून पुढे जाऊ.

८/ ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकाने ऑक्टोबर १९२३ पासून सुमारे वर्षभर या पद्धतीची चौकशी केली. जंतूंच्या सहा नळ्या एका अनुभवी एब्रम्स-पंथीय डॉक्टरासमोर ठेवल्या. सहाही उत्तरे चुकली. चिठ्ठ्यांवरच्या लाल शाईने कंपने बिघडवली, अशी तक्रार आली. चिठ्ठ्या बदलून दिल्या. पुन्हा सारी उत्तरे चुकली. अंतिम निष्कर्षात मासिकाने ही पद्धत निरर्थक ठरवली. तोवर, जानेवारी १९२४ मध्ये, एब्रम्स वारले होते. ज्यांची तक्रार ऐकून प्रयोग नव्याने मांडला गेला, त्यांना ‘दडपले’ म्हणता येत नाही.

९/ आता समर्थकांचा सर्वांत भक्कम पुरावा. लंडनमध्ये सर थॉमस हॉर्डर यांच्या समितीने ग्लासगोचे होमिओपॅथ बॉइड यांचे ‘इमॅनोमीटर’ तपासले. १९२५ च्या अहवालात काही प्रयोगांत बदल जाणवल्याचे मान्य केले आहे. हे खरे आहे, आणि ते लपवणारा टीकाकार अप्रामाणिक ठरेल. पण समर्थक इथेच पान मिटतात. त्याच अहवालाने पुढे सांगितले की एब्रम्स-पद्धतीने रोग्यांवर चालणारा व्यवसाय शास्त्रदृष्ट्या निराधार आणि नीतिदृष्ट्या असमर्थनीय आहे. अर्धा कागद वाचून काढलेला निष्कर्ष बखरीबाबत आपल्याला चालत नाही. तो इथेही चालू नये.

१०/ एब्रम्स यांच्यानंतर कॅलिफोर्नियातील कायरोप्रॅक्टर रूथ ड्राउन यांनी ही परंपरा पुढे नेली. त्यांनी ठोके देण्याचे पोट वगळले आणि त्याजागी रबराचा तुकडा बसवला. त्यावर बोट घासताना ते जिथे चिकटते तो खरा ‘रेट’. म्हणजे आकडा ठरवणारे साधन शेवटी चालवणाऱ्याचेच बोट. शिकागो विद्यापीठातील परीक्षेसाठी रक्ताचे दहा नमुने ठेवले होते. तीन नमुन्यांवरच काम थांबले, आणि तिन्ही निदाने चुकली. उजव्या फुप्फुसाचा क्षय असलेल्या रोग्याला त्यांनी डाव्या स्तनाचा, इतरत्र पसरलेला कर्करोग सांगितला.

११/ हे सारे गमतीचे वाटत असेल तर इथे थांबा. १९५१ साली ड्राउन यांच्यावर अमेरिकेच्या संघीय न्यायालयात खटला चालला. आरोप होता खोटे दावे करून उपकरण दुसऱ्या राज्यात पाठवल्याचा. खटल्याच्या मुळाशी इलिनॉय राज्यातील स्तनाच्या कर्करोगाची एक रुग्ण होती. तिने या पेटीवर भरवसा ठेवला होता. शिक्षा झाली एक हजार डॉलर दंडाची, आणि १९५२ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. गाठ हाताला लागल्यापासूनचे महिने कुठल्याही दंडाने परत मिळत नाहीत. ड्राउन यांचा व्यवसाय मात्र चालू राहिला.

१२/ १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तपासाधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे तीन मुलांचे म्हणून रक्ताचे नमुने पाठवले. निदान आले कांजिण्या आणि गालगुंड. नमुने प्रत्यक्षात टर्की, मेंढी आणि डुक्कर यांचे होते. खटला उभा राहण्यापूर्वी, १९६५ साली, ड्राउन वारल्या.

१३/ इंग्लंडमध्ये जॉर्ज डी ला वॉर यांच्यावर १९६० साली एका असमाधानी ग्राहक स्त्रीने दावा लावला आणि ती हरली. ‘न्यायालयाने रेडिऑनिक्स मान्य केले’ असे यावरून सांगितले जाते. न्यायालयापुढचा प्रश्न होता फसवणुकीचा : डी ला वॉर यांचा आपल्या पेटीवर प्रामाणिक विश्वास होता का? होता, असे ठरले. पेटी चालते, असे ठरले नाही. श्रद्धाळू माणूस खोटारडा नसतो हे मान्य; पण त्याच्या खरेपणाने त्याचे यंत्र खरे होत नाही.

१४/ सर्वांत बोलका साक्षीदार समर्थकांच्याच गोटातला आहे. गॅलेन हायरोनिमस यांना १९४९ साली अशा यंत्राचे अमेरिकन पेटंट मिळाले. विज्ञानकथा मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल यांनी १९५६ च्या सुमारास ते बनवले, आणि नंतर यंत्राऐवजी त्याच्या विद्युतमंडलाचे शाईने काढलेले चित्र वापरले. चित्रही तितकेच चालते, असा त्यांचा अहवाल. अनुयायांना यात चमत्कार दिसला. सरळ अर्थ एवढाच की यंत्र आधीही काही करत नव्हते.

१५/ क्रम पाहा. आधी ओहम गेला, मग पोट गेले, मग तारा गेल्या. टिकला तो फक्त अंक. आणि तोही एक नाही : एब्रम्सचे, ड्राउनचे, डी ला वॉरचे रेट एकाच रोगासाठी वेगवेगळे. पाणी सेल्सियसमध्ये १०० आणि फॅरनहाइटमध्ये २१२ अंशांवर उकळते, पण एका आकड्यावरून दुसरा काढण्याचे सूत्र शाळेत शिकवतात. रेटांमध्ये असे सूत्र नाही, कारण दोन्ही आकड्यांच्या मागे मोजलेली एकच वस्तू नाही.

१६/ आकडे लिहून बाधा टाळण्याची रीत आपल्याला परकी नाही. भूर्जपत्रावरचे पंधराचे यंत्र ताइतात घालणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या होती. ताइताने स्वतःला भौतिकशास्त्र म्हणवले नाही, एवढा त्याचा सच्चेपणा. रेटने प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढवला. मटक्याचाही आकडा असतो आणि तापमापीचाही. दोन्ही अंकांतच लिहितात. फरक असा की तापमापी चुकली तर दुसरी तापमापी लावून ते दाखवता येते.

१७/ ‘पण आम्हांला बरे वाटले’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. बरे वाटले असेल. अनेक आजार आपोआप ओसरतात. दुखणे चढते-उतरते, आणि चढलेले असताना माणूस उपाय शोधतो. कोणी तासभर ऐकून घेतले तरी भार हलका होतो. यातले काहीही त्या अंकाचे श्रेय नाही. आणि ज्यांना बरे वाटले नाही, त्यांतले अनेक जण सांगायला उरत नाहीत.

१८/ आज पेटीही लागत नाही. रशियातील ग्रिगोरी ग्राबोव्होय यांच्या अंकमालिका लोक मनगटावर लिहितात. रेडिऑनिक्सशी त्यांचे थेट नाते मी जोडत नाही, कल्पना मात्र तीच आहे. मॉस्कोच्या न्यायालयाने २००८ मध्ये त्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरवले होते. आपल्याकडे १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाने कर्करोग, मधुमेह अशा रोगांवर ताईत, मंत्र, कवच यांच्या गुणाची जाहिरात करण्यास बंदी केली आहे. कायदा जुना आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तो वाचणारे कमी.

१९/ म्हणून विनंती एकच. पुढच्या वेळी कोणी ‘दडपलेला इतिहास’ म्हणून रेटांची यादी पाठवली तर तीन प्रश्न विचारा. हा आकडा कशाचा, कोणत्या एककात? दुसऱ्याने, नाव न कळता, मोजला तर तोच येतो का? आणि चुकला तर चुकला हे कशावरून कळणार? साधनाची पारख म्हणजे एवढेच, आणि ती करायला इतिहासाची पदवी लागत नाही. उत्तर मिळेपर्यंत घरातल्या कोणाच्या अंगावर गाठ असेल तर तिला रुग्णालयात न्या. धागा समाप्त.