आई 'अयोग्य' आहे, हे कुणी ठरवायचे?

ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका वाडीवरची बाई आमच्या बैठकीला आली ती रडत नव्हे, भांडतच आली. "माजी पोरं सरकारनं नेली, आन् मलाच इचारत्यात, पोरं कुणाची म्हणून!" बैठक रेशनकार्डाच्या प्रश्नावर होती. तो विषय त्या दिवशी तसाच राहिला. पण पुढे लक्षात आले, की हाही शेवटी रेशनकार्डाचाच प्रश्न होता.

नवऱ्याने टाकून चार वर्षे झालेली. पाटण तालुक्यातून पोट भरायला शहराकडे जाणे काही नवीन नाही, इथल्या कित्येक घरांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईत माथाडी म्हणून राबले. ही बाई मात्र दोन पोरे घेऊन एकटीच एका शहरात गेली, बांधकामावर बिगारी म्हणून. मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा. दिवसभर थोरली धाकट्याला सांभाळायची. एके दिवशी कुणीतरी १०९८ वर फोन केला, की दोन मुले रस्त्याच्या कडेला एकटीच असतात. संध्याकाळी बाई पत्र्याच्या खोलीवर परतली तर पोरे नाहीत. कुठे नेली ते कळायला तिसरा दिवस उजाडला.

फोन करणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते. मुले एकटी होती, धाकट्याला ताप होता, थोरली शाळेत जात नव्हती. मी त्या जागी असते तर मीही कदाचित फोन केला असता. माझा प्रश्न त्यानंतरच्या सात महिन्यांचा आहे.

समितीपुढे उभे राहिल्यावर तिला विचारले गेले: आधार कुठे? मुलांचे जन्मदाखले? राहण्याचा पुरावा? नवरा का आला नाही? आधारवर सासरचा पत्ता, रेशनकार्ड सासूच्या ट्रंकेत, थोरलीचा जन्म माहेरी घरातच झालेला. आणि "बापाला घेऊन या." ज्या माणसाने चार वर्षांत पोरांना एक सदरा घेतला नाही, त्याची सही आणायला ही बाई तीनदा गावी येऊन गेली. दर खेपेला रोज बुडाला, आणि रोज बुडाला म्हणून 'उत्पन्न अनिश्चित' असा शेरा अहवालात चढला.

कायद्याने मुलांचा नैसर्गिक पालक कोण? १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात लिहिले आहे: बाप, आणि त्याच्यानंतर आई. 'त्याच्यानंतर' म्हणजे तो मेल्यावरच असे नव्हे, तो जबाबदारी घेत नसेल तरीही आईच पालक, हा अर्थ लावून घ्यायला सर्वोच्च न्यायालयातला गीता हरिहरन यांचा १९९९ चा निकाल यावा लागला. त्याला पंचवीस वर्षे उलटून गेली. तो निकाल टेबलापलीकडच्या माणसांपर्यंत अजून पोचलेला दिसत नाही. पालकत्व मोजायचे तेव्हा बाप पहिला. हयगय मोजायची तेव्हा मात्र आई पहिली, बापाचे नावही निघत नाही. अहवालात 'आई मुलांना एकटे सोडून कामावर जाते' असे होते. 'बाप मुलांना सोडून गेला आहे' हे वाक्य मी त्या कागदांत शोधले. सापडले नाही.

कायदा सगळाच वाईट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात 'उपेक्षित' मुलाची व्याख्या होती. तीत घर नसलेले, उपजीविकेचे साधन नसलेले मूल येई, आणि वेश्येसोबत राहणारे मूलही सरसकट येई. गरिबी आणि बदनामी यांनाच उपेक्षा म्हणायचे, असा तो काळ. आजचा २०१५ चा कायदा वाचला तर त्याची भाषा पुष्कळ बरी आहे. कलम ३ मधली तत्त्वे सांगतात, की मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी जन्मदात्या कुटुंबाची, संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, आणि नैसर्गिक न्याय, म्हणजे म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा हक्क, सगळ्यांना आहे. कलम ४० म्हणते, मूल घरी परत पोचवणे हेच बालगृहाचे मुख्य उद्दिष्ट. मूल ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांत समितीपुढे नेले पाहिजे, सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत झाला पाहिजे. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते.

पण तीस दिवस मोजायचे कुठून? या बाईच्या हातात आदेशाची प्रतच नव्हती. "तोंडी सांगितलंय की," असे उत्तर मिळाले. बालकल्याण समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांच्या हाती प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार. चोरीच्या आरोपीलाही सरकार वकील देते. पोर गेलेल्या आईला 'तुला वकील मिळतो' एवढेही कुणी सांगितले नाही. खरे तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कुठल्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आम्हाला ते माहीत होते म्हणून आम्ही अर्ज केला, आणि आदेशाची प्रत हातात पडायला तेवढे पुरले.

इथे मैत्रिणी मला अडवतील, आणि अडवावेच. घर ही खाजगी बाब नाही हे आपणच तर ओरडून सांगत आलो. नवरा मारतो तेव्हा 'घरातला मामला' म्हणून परत पाठवणाऱ्या पोलिसांशी भांडलो, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मागून घेतला, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा कायदा आला तेव्हा स्वागत केले. बापाच्या, चुलत्याच्या तावडीतून पोरीला उचलून नेणाऱ्या सरकारी जीपची वाट आपण स्वतः पाहिली आहे. अशी एक मुलगी माझ्या माहितीत आहे. तिच्यासाठी ते बालगृह हेच पहिले घर ठरले. मग आज आईबापांच्या हक्कांची भाषा कशी काय?

म्हणून सांगते, मूल आईबापांच्या मालकीचे आहे असे मला म्हणायचेच नाही. मारणाऱ्या घरातले मूल आणि गरीब घरातले मूल यांत फरक करा, एवढेच माझे म्हणणे आहे. पहिल्याला घराबाहेर काढा. दुसऱ्याच्या घरात मदत आत न्या. मदत न देता मूल उचलता तेव्हा तुम्ही आईला तिच्या गरिबीची शिक्षा देता.

मदत कागदावर आहेच. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिला आता सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे आणि २०२३ साली महिन्याचे ११०० रुपये वाढवून २२५० केले आहेत. एका मुलामागे २२५० रुपये त्या बाईला वेळेवर मिळाले असते, बांधकामाजवळ पाळणाघर असते, तर तो १०९८ चा फोन झालाच नसता. बांधकामावर पन्नासाहून अधिक स्त्री मजूर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली हवी, असा १९९६ चा कायदा सांगत होता. त्या साइटवर अशी खोली नव्हती. ठेकेदाराला मात्र कुणी 'अयोग्य' म्हटले नाही.

आपल्या शेजारच्या सांगलीतल्या बायकांनी हा मुद्दा आपल्या आधी ओळखला होता. वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ साली उभी राहिली ती मुख्यतः पोलिसी जाचाविरुद्ध आणि आरोग्यासाठी. पण धाडी पडत तेव्हा त्यांचा मोठा धसका पोरांचा असे. 'सुटका' आईची म्हणायची आणि त्यात मूल वेगळे करायचे. शेवटी १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आई या व्यवसायात आहे एवढ्याच कारणावरून मूल तिच्यापासून तोडता येणार नाही. जी गोष्ट त्या बायकांच्या बाबतीत न्यायालयाने मान्य केली, ती बिगारी बाईच्या बाबतीत वेगळी सांगावी लागू नये.

नॉर्वेचे प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. २०११ साली स्टॅव्हँगरमध्ये एका बंगाली दांपत्याची दोन मुले तिथल्या बालकल्याण खात्याने नेली. आपल्या देशात केवढा संताप झाला, परराष्ट्र खाते मध्ये पडले, पुढे २०२३ साली त्यावर सिनेमा आला आणि बायका थिएटरात रडल्या. पण २०१२ साली ती मुले भारतात आली ती काकाच्या ताब्यात, आणि आईला ती परत मिळाली २०१३ च्या जानेवारीत, कलकत्ता उच्च न्यायालयातून. म्हणजे दुसरी लढाई तिला इथेच लढावी लागली. हा भाग आपण फारसा सांगत नाही. परक्या सरकारने मूल नेले की राष्ट्राचा अपमान होतो. आपल्या सरकारने वाडीवरच्या बाईचे नेले तर ती मुलाची सोय असते!

आणि वेळ आईच्या बाजूने नसतो. मूल बेवारस म्हणून आले आणि आईबापांचा शोध लागला नाही, तर दोन वर्षांखालचे मूल दोन महिन्यांत आणि मोठे मूल चार महिन्यांत दत्तक देण्यास मोकळे म्हणून जाहीर होऊ शकते. शोध म्हणजे काय, तर मुख्यतः वर्तमानपत्रात फोटो. कोयनेच्या खोऱ्यात वरच्या वाड्यांवर वर्तमानपत्र एसटी आली तर पोचते, आणि ही बाई तर सही करायला आत्ता शिकते आहे. घाई किती महाग पडते ते आपल्या राज्याने पाहिले आहे. पुण्यातल्या प्रीत मंदिर या दत्तक संस्थेविरुद्ध आईबापांच्या खऱ्या संमतीशिवाय मुले दत्तक दिल्याच्या तक्रारी झाल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१० साली सी.बी.आय.ला तपास करावा लागला. दत्तकाचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. काम लवकर उरकावे म्हणून २०२१ साली केलेली ही दुरुस्ती. ज्यांचे मूल आहे त्यांचे ऐकून घेण्याचे काम मात्र तितकेच संथ राहिले आहे.

आम्ही आता तालुक्यातल्या बैठकांत सांगतो: मूल नेले तर पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आदेशाची प्रत मागा, तालुका विधी सेवा समितीकडे वकिलासाठी जा. भेटीची तारीख लिहून मागा. आणि बाईच्या नावाचे स्वतंत्र रेशनकार्ड आजच काढा. परित्यक्तांसाठी कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी आणि त्यांच्या सोबतिणींनी जी चळवळ केली, तिच्यात हे रेशनकार्ड होतेच. तेव्हा ते धान्यासाठी हवे होते. आज ते पोरे आपली आहेत हे दाखवायलाही लागते.

सात महिन्यांनी मुले परत मिळाली. भेटीला मी दोनदा तिच्याबरोबर गेले होते. दुसऱ्या खेपेला धाकटा तिला 'मावशी' म्हणाला. तिथे सगळ्याच बायकांना मावशी म्हणायची रीत होती. ती हसली, आणि परतीच्या एसटीत उंब्रज येईपर्यंत बोलली नाही.

आता ती गावीच असते, दुसऱ्याच्या भातात रोजाने जाते. थोरली शाळेत आहे. बालसंगोपनाचा फॉर्म मी तिच्यासाठी आणून ठेवला आहे, दोन महिने झाले. ती भरत नाही. त्यासाठी पोरे घेऊन पुन्हा बालकल्याण समितीपुढेच उभे राहायचे आहे, आणि 'माझ्याने एकटीने भागत नाही' हे स्वतःच्या सहीने लिहून द्यायचे आहे.