गर्दमध्ये भेसळ विक्रेत्याची, शिक्षा मात्र पिणाऱ्याला

वस्तीतला एखादा पोरगा गर्दच्या पुड्यांसह पकडला गेला की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "जामीन कधी होईल?" त्याचे उत्तर ठरते वजनकाट्यावर.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली आणि अंमली पदार्थांचे अल्प, मध्यम व व्यावसायिक असे तीन दर्जे आले. हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. गांजासाठी हेच आकडे १ किलो आणि २० किलो. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त एक वर्ष कैद, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, व्यावसायिकला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे. शिवाय व्यावसायिक प्रमाणात कलम ३७ आडवे येते. आरोपी निर्दोष असल्याचे सकृद्दर्शनी न्यायालयाला पटल्याशिवाय जामीन नाही. व्यसनी आणि व्यापारी यांत फरक करावा, हा या दुरुस्तीचा हेतू होता.

पण वजन कशाचे करायचे? २००८ मध्ये ई. मायकल राज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंमली द्रव्यच मोजा, असे सांगितले. तिथे चार किलोच्या मालात शुद्ध हेरॉईन साधारण ६० ग्रॅम भरले होते. २००९ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रण मोजायचे ठरवले, आणि एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम केले. बाजारात माल मिश्रणातच विकला जातो आणि तेच शरीराची नासाडी करते, हा न्यायालयाचा युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नाही.

तरी हिशेब करून पाहा. सहा ग्रॅम पुडीत हेरॉईन अर्धा ग्रॅमही नसेल, तरी पोरगा अल्प प्रमाणाच्या बाहेर जातो. २४० ग्रॅम शुद्ध हेरॉईन बाळगणारा मधल्या दर्जात राहतो आणि दोन टक्के हेरॉईन असलेली ३०० ग्रॅम भुकटी बाळगणारा व्यावसायिक ठरतो. भेसळ करतो वरचा दलाल. स्वस्त, भेसळीचा माल घेतो तो गरीबच. आणखी एक घाव असा की, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारे कलम ६४अ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यापुरतेच आहे. म्हणजे ज्याला उपचारांची गरज, त्याच्यासाठी दार बंद.

पाचवे शील पाळणाऱ्या समाजाने नशेची बाजू घेण्याचा प्रश्नच नाही. पण व्यसनी माणसाला दलालाच्या रांगेत बसवणे, हे काही व्यसनमुक्तीचे काम नव्हे.

गांजाच्या प्रकरणात पंचनामा नीट वाचावा. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळधारी शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया व पाने त्यात धरत नाहीत. सगळा पाला एकत्र तोलला असेल, तर वकिलाने तिथेच बोट ठेवावे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही तो हक्क आहे. जातीचा दाखला सोबत न्यावा.