निकालाचा दिवस आणि यंत्राची स्मरणशक्ती

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता राज्याच्या दहावीचा निकाल जाहीर झाला आणि तो पाहण्यासाठी ठेवलेली संकेतस्थळे जवळजवळ त्याच क्षणी निपचित पडली. करोनामुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लावलेला होता आणि ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले होते. म्हणजे नापासाची धास्ती जवळजवळ कोणालाच नव्हती. तरीही विक्रोळीच्या कन्नमवारनगरापासून गडचिरोलीपर्यंत पंधरा लाखांवर विद्यार्थी आणि त्यांचे आईबाप मोबाइलच्या कोऱ्या पडद्याकडे कित्येक तास पाहत बसले.

अशा प्रसंगी दोन खुलासे ठरलेले असतात. गर्दी अपेक्षेबाहेर झाली, हा पहिला. यंत्रसामग्री अपुरी पडली, हा दुसरा. पहिला ग्राह्य धरण्याचे कारणच नाही. परीक्षार्थींची संख्या मंडळाला कित्येक महिने आधी ठाऊक असते आणि निकालाचा दिवस व वेळ मंडळच ठरविते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याच विक्रोळीतील गोदरेजच्या कारखान्यात बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. त्या मतदार रांगेत उभे राहण्यापूर्वी तयार झाल्या होत्या, नंतर नव्हेत.

दुसरा खुलासा मात्र अधिक बारकाईने तपासला पाहिजे, कारण त्याच्या आधारावर सरकारी खजिन्यातून आणि संस्थांच्या तुटपुंज्या निधीतून पैसा खर्च होत असतो. विद्यार्थी आपला आसन क्रमांक आणि आईचे नाव भरतो, तेव्हा पलीकडील सर्व्हर डेटाबेसमध्ये ती नोंद शोधतो, तिच्यावरून पान रचतो आणि ते पाठवितो. प्रत्येक अर्जासाठी उठून दप्तरखान्यात जाणारा, रुमाल सोडून कागद काढणारा आणि पुन्हा बांधून ठेवणारा लिपिक डोळ्यांसमोर आणावा. दिवसाला दहा अर्ज असतील तर या पद्धतीत काही बिघडत नाही. मिनिटाला लाख अर्ज येऊ लागले की लिपिक कितीही कार्यक्षम असला तरी कोलमडणारच. शहाणा लिपिक त्या दिवशी लागणारे कागद आधीच मेजावर काढून ठेवतो. संगणकाच्या परिभाषेत या मेजाला ‘कॅशे’ म्हणतात. (उच्चार ‘कॅश’ असाच होतो, पण रोकडीशी त्याचा संबंध नाही, ‘लपविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो शब्द आला.) फिरत्या चकतीवरील माहिती शोधण्यास दहाएक सहस्रांश सेकंद लागतात, तीच यंत्राच्या स्मरणात, म्हणजे रॅममध्ये असेल, तर त्याच्या सुमारे एक लक्षांश वेळ पुरतो. नव्या एसएसडी साठवणीने हे अंतर बरेच घटविले, तरी ते शेकडो पटींचे उरतेच. हे काम करणारी ‘मेमकॅशेड’ ही प्रणाली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली लिहिली आणि ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. तेव्हा साधनांचे दुर्भिक्ष हे कारण उरत नाही.

आता थोडे अंकगणित करावे. एका विद्यार्थ्याचे नाव, विषय आणि गुण यांस एक किलोबाइट जागा भरपूर झाली. सोळा लाख विद्यार्थ्यांचे झाले १.६ गिगाबाइट. अख्ख्या महाराष्ट्राचा दहावीचा निकाल आज एखाद्या विद्यार्थ्याच्या साध्या मोबाइलच्या स्मरणात मावेल! शिवाय एकदा जाहीर झालेला निकाल त्या दुपारी बदलणार नसतो; म्हणजे प्रत्येक पान आदल्या रात्रीच रचून ठेवता येते. अर्थात मेज आवरले म्हणून खिडकी रुंद होत नाही. निकालाच्या पानावर बोधचिन्हे, छायाचित्रे आणि सरकत्या सूचना मिळून दोन मेगाबाइटचा भार असेल, तर पंधरा लाख पानांना तीन हजार गिगाबाइट वाहून न्यावे लागतील. तेच पान साध्या अक्षरांत वीस किलोबाइटचे केले तर तीस गिगाबाइट पुरतात. त्या दिवशी विद्यार्थ्याला मान्यवरांची छायाचित्रे नको असतात, गुण हवे असतात.

हा हिशेब मंडळापुरता नाही. टागोरनगरातील एखादी शाळा किंवा पार्कसाइटमधील एखादे वाचनालय आपले संकेतस्थळ बहुधा ‘शेअर्ड’ होस्टिंगवर ठेवते. तेथे एकाच यंत्रावर शेकडो बिऱ्हाडे असतात, जणू चाळीतला सामायिक नळच. शेजाऱ्याने बादली लावली की आपली धार बारीक होते. अशा योजनेत मेमकॅशेडसाठी स्वतंत्र स्मरण सहसा मिळत नाही. परंतु रचलेले पान फाइलच्या रूपाने साठवून तेच पुन्हा पुन्हा देणे, आणि चित्रे वाचकाच्या ब्राउझरमध्येच काही दिवस राहू देणे, या दोन गोष्टी तेथेही साधतात. सूचना, सुट्ट्या आणि वेळापत्रक एवढाच मजकूर असलेल्या संस्थेला याहून अधिक काही लागत नाही. व्हीपीएस घेतला की स्वतःचा मीटर असलेली खोली मिळते. रॅमचा ठराविक वाटा आपला होतो आणि मेमकॅशेड वा ‘रेडिस’ चालविता येते. पण ते चालविणारा जाणकारही मग आपणच शोधायचा. क्लाउडमध्ये गर्दीच्या दिवसापुरती यंत्रे वाढविता येतात. निकालासारख्या वर्षातून एकदाच येणाऱ्या कामाला तीच योजना सोयीची. विक्रेता मात्र संथपणावर बहुधा एकच औषध सांगतो: वरची योजना घ्या. ती घेऊनही दप्तरखान्याच्या खेपा तशाच राहिल्या, तर काही दिवसांनी तक्रारही तशीच राहते.

तथापि कॅशे हा सर्व रोगांवरचा उपाय नव्हे. अकरावीचे प्रवेश २०२५ मध्ये प्रथमच राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हा २१ मे रोजी नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ ठप्प झाले आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. निकालाच्या दिवशी सारे वाचायला येतात. प्रवेशाच्या दिवशी सारे लिहायला येतात. लिहिलेला प्रत्येक अर्ज खात्रीने डेटाबेसमध्ये उतरलाच पाहिजे. तो केवळ स्मरणात ठेवून वीज गेली तर एखाद्या मुलाचे वर्ष जाईल. तेथे महाविद्यालयांची यादी आणि गतवर्षीचे कट-ऑफ स्मरणातून द्यावेत, अर्जांना मात्र क्रमाने, टोकन देऊन आत घ्यावे.

आणि मेजावरचा कागद भलत्याच्या हाती पडण्याचा धोकाही असतोच. २५ डिसेंबर २०१५ रोजी ‘स्टीम’ या व्हिडिओ-खेळांच्या दुकानाच्या संकेतस्थळावर कॅशेची रचना चुकली आणि सुमारे ३४ हजार ग्राहकांची खासगी पाने इतरांना दिसू शकली. जे पान सर्वांचे आहे तेच सर्वांना द्यावे. ज्यावर एकाचेच नाव आहे ते त्याच्या आसन क्रमांकाला आणि आईच्या नावाला बांधूनच ठेवावे, हा नियम होस्टिंगच्या करारात लिहून घ्यावा लागतो. त्याच करारात आणखी एक कलम हवे: गुणवत्ता यादीत दुरुस्ती झाली की जुने पान किती मिनिटांत पुसले जाईल.