मेट्रोचा अधिभार कोणावर?

घराचा भाव विटा-सिमेंटपेक्षा जागेवर ठरतो, हे मुंबईकर नित्य अनुभवतो. तेवढ्याच दोन खोल्या स्थानकापासून दूर गेल्या की स्वस्त होतात. हा फरक मालकाच्या श्रमातून नव्हे, तर सार्वजनिक पैशाने झालेल्या वाहतूकसोयींतून निर्माण होतो. तथापि १ एप्रिल २०२२ पासून मुंबईत मेट्रोसाठी लावलेला एक टक्का अधिभार मुद्रांक शुल्काबरोबर सामान्यतः खरेदीदारच भरतो. टंचाईच्या बाजारात तो विक्रेत्यावर ढकलणे त्याला क्वचितच जमते. म्हणजे स्थानाचे मोल तो दोनदा देतो: प्रथम विक्रेत्याला, नंतर शासनाला. वास्तविक मेट्रोचा वाटा अनायासे लाभलेल्या भाववाढीतूनच घेतला पाहिजे. आयुष्यभराची पुंजी घालून घर घेणाऱ्या नोकरदारावर तो लादणे न्याय्य नव्हे.