दोन गावांचा देव आणि आमची बोअर

धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूरच्या खंडोबाची रीत बाहेरच्या माणसाला सांगितली की तो आधी हसतो. देव वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला. न्यायच्या वेळी दोन्हीकडची मंडळी बसतात, लेखी करार होतो, मग पालखी हलते. श्रद्धा दोन्हीकडे सारखीच आहे, पण म्हणून कागद कुणी सोडत नाही. देव आपल्याकडे आहे तो मुदतीपुरता, पुढे तो दुसऱ्या गावाला द्यायचा आहे, हे दोन गावं निमूट पाळतात. एरवी बांधाच्या वीतभर जागेसाठी कोर्टात जाणारी हीच आपण माणसं, बरं का!

आयुष्याला हेतू असावा, असं हल्ली शाळेच्या स्नेहसंमेलनापासून निवृत्तीच्या सत्कारापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. असावाच. पण ही भाषणं ऐकताना मला खंडोबाचा कागद आठवतो. तुमच्याकडे जे आलंय ते कितीसं ठेवून घेणार आणि पुढे कुणाच्या हाती देणार, एवढंच विचारावंसं वाटतं.

याच अणदुरात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं केलं. या कामाची मुळं तेव्हाच्या औरंगाबादेतल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या चळवळीत होती. शिकून झाल्यावर अशी चळवळ बहुधा फोटोत उरते. ही खेड्यात येऊन राहिली. त्याच सुमारास, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. जवळपास 10 हजार माणसं गेली आणि आमचा सगळा मुलूख मदतकार्यात ओढला गेला.

शहर सोडून खेड्यात आलेल्या डॉक्टरांवर आपण भरभरून लिहितो. मीही लिहिलंय. मला आता त्याहून महत्त्वाची वाटते ती अहंकारी दाम्पत्याने केलेली वाटणी. गावातल्याच, फारशी शाळा न पाहिलेल्या बायकांना शिकवून त्यांनी 'भारतवैद्य' तयार केल्या. ताप, जुलाब, गरोदर बाईची काळजी, कोणता रोगी गावात बरा होईल आणि कोणाला ताबडतोब पुढे न्यायचं, हे त्या शिकल्या. जामखेडला आरोळे दाम्पत्याने 1970 पासून हीच दिशा दाखवली होती, आणि सरकारला 'आशा' सुचली ती 2005 साली. डॉक्टरने आपल्या ज्ञानातला वाटा सातवी शिकलेल्या बाईच्या हाती देणं म्हणजे आपली गरज थोडी कमी करून घेणं. ते पैसे देण्यापेक्षा अवघड आहे. देणगीदाराची पाटी तरी लागते. आणि आपला समाज असा, की डॉक्टरच्या त्यागाला टाळ्या वाजवतो आणि वाडी-तांड्यावर उन्हातून जाणाऱ्या आशाताईने मानधन मागितलं, की तिला सेवाभावाची आठवण करून देतो.

आता पाण्याकडे येतो, कारण तिथे आमचा कुणाचाच कागद नाही. हा सगळा काळ्या पाषाणाचा प्रदेश. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. खाली समुद्र नाही. तरी उन्हाळा लागला की पाणाड्या नारळ घेऊन रानभर फिरतो, जागा दाखवतो आणि बोअरची गाडी रात्रभर धुरळा उडवते. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरची, म्हणजे साधारण 200 फुटांची मर्यादा आहे. चारशे फुटांवर धूळ निघाली की आमच्याकडे म्हणतात, अजून शंभर मारू. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर दोन पावसाळे बरे झाले आणि ऊस पुन्हा उभा राहिला. ऊसवाल्याला शिव्या देणं सोपं आहे. हमखास उचल होणारं, दर आधी ठाऊक असणारं दुसरं पीक त्याच्यापुढे कुणी ठेवलंय?

उत्तराचा एक तुकडा बायकांनी शोधला. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात गावोगावी संवाद सहायक म्हणून उभ्या राहिलेल्या महिलांमधून प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था वाढली. तिने धाराशिव-लातूर भागात एक एकराची शेती रुजवली: घरच्या रानातला एक तुकडा बाईच्या ताब्यात, त्यात डाळी, ज्वारी, भाजीपाला अशी मिश्र पिकं, शेणखत-गांडूळखत, आधी घरचं ताट आणि उरलं तर बाजार. 2016 साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला पुरस्कारापेक्षा त्या आधीचं भांडण मोठं वाटतं. नवऱ्याकडून, सासऱ्याकडून तो एकर मागून घेणं. ज्या घरात बाईला बियाणं कोणतं आणायचं हे विचारत नाहीत, तिथे एकरभर जमिनीचा निर्णय तिच्या हाती येतो, तेव्हा जेवणातली भाजी बदलते आणि घरातली बोलण्याची पट्टीही बदलते.

आमच्या भावकीतही हा विषय निघालाय. धाकट्याला नवी बोअर हवी आहे, पाणाड्याही येऊन गेला. वहिनी म्हणाल्या, "बोअरचे पैसे ठेवा बाजूला, मला विहिरीखालचा एकर द्या, दोन वर्षांनी हिशेब मागा." धाकट्याने विचारलं, "आणि दोन वर्षांत नाही जमलं तर?" "तर एकर परत. लिहून घ्या हवं तर," वहिनी म्हणाल्या. थोरल्याने अजून हो म्हटलेलं नाही. कागद मात्र त्यानेच आणून ठेवलाय.